चावडीचा तास आणि माझी नऊ कलमं

घासलेटाचा वास आला की मला आजही मळमळतं. घरात कंदील भरायचा असला की मी उठून ओट्यावर जाऊन बसतो. बायको म्हणते, एवढा शिकलेला माणूस आणि वासाला भितो. भीत नाही. शिसारी येते. वासाची नाही, त्या वासात उभं राहून, मान खाली घालून ज्यानं खोटं कागदावर उतरवलं त्याची. तो दुसरा कुणी नव्हता, मीच होतो, म्हणून पुढचं कुणाकडं बोट न दाखवता लिहावं म्हटलं तरी जमायचं नाही. बोटं दाखवायला माणसं पुष्कळ आहेत. त्यांच्या रांगेत मी पहिला.

आमचं गाव जुन्नर तालुक्यातलं, बाजाराचं. गावाला लहानशी का होईना कमिटी होती, अध्यक्ष होता, सभासद होते, आणि चावडी होती. चावडीच्या आढ्याला काशाची एक जाड थाळी टांगलेली असायची. तिला आम्ही तास म्हणत असू. शेजारी खुंटीला लाकडी मोगरी. कमिटीच्या खोलीतल्या भिंतीवरच्या घड्याळात बघून तासातासाला ठोके द्यायचे, हे शिपायाचं काम. आग लागली किंवा चोर आले, तर तोच तास इशाऱ्याचा व्हायचा. तासाचे ठोके सुटे, मध्ये दम घेऊन दिलेले. इशाऱ्याचे ठोके एकमेकांच्या अंगावर पडणारे. ते ऐकले की घरटी एक माणूस आणि एक भरलेली घागर, असा गावचा रिवाज होता. निम्मं गाव गवतानं शाकारलेलं, चैत्र-वैशाखात पश्चिमेचा वारा सुटला की एका छपराची ठिणगी दहा छपरं खायची. त्यामुळं घागर घेऊन कोण पळालं नाही, हे लोक लग्नाच्या सोयरिकीतसुद्धा काढायचे.

तो शिपाई म्हणजे माझा बाप.

बाप आंबेगावच्या पश्चिमेकडच्या डोंगरातला. भात आणि नाचणीच्या खाचरांवर पोट भरेना म्हणून खाली उतरला. अक्षराची ओळख नाही, पण घड्याळ शिकला. तास द्यायचा, कमिटीची दवंडी पिटायची आणि इशारा द्यायचा, ही त्याची तीन कामं. दवंडीला डफ, इशाऱ्याला मोगरी. आवाज असा की गवतबाजारात बोलला तर गावाच्या खालच्या टोकाला ऐकू यावं. गावात त्याला नावानं कुणी हाक मारत नसे. शिपाईबा म्हणत. पण एक गोष्ट होती. शिपाईबानं बारा दिले की बारा. त्यावर गाव जेवायला बसायचं. घड्याळ बंद पडलं तरी कुणाला कळायचं नाही, कारण तो सावली बघून तास द्यायचा आणि घड्याळजी आल्यावर काटे त्याच्या तासाला जुळवले जायचे.

मी पुण्याला कॉलेजात शिकलो, बी.ए. झालो. आमच्या घराण्यात त्याआधी कुणी धुळाक्षरंही गिरवली नव्हती. मला त्याचा अभिमान होता, अजूनही आहे, आणि तो मी लपवत नाही. बाप तर बाजारात आलेल्या कुणालाही धरून सांगायचा, "ह्यो माजा बीए." जसं काही ते माझं नावच.

निकाल लागून मी घरी आलो त्या हिवाळ्यात गावात खोट्या इशाऱ्यांचा सुळसुळाट झाला होता. मोगरी खुंटीला, तास उघड्यावर. वाटेल त्यानं बडवावा. एका लग्नातल्या वऱ्हाड्यांनी गंमत म्हणून बडवला. रानातली शेकोटी लांबून बघून कुणीतरी बडवला. एकाची म्हैस सुटली तर त्यानं माणसं गोळा व्हावीत म्हणून बडवला, आणि सगळं गाव घागरी घेऊन म्हशीमागं धावलं. हसायला ठीक आहे, पण उन्हाळ्याच्या तोंडाला विहिरी तळाला गेलेल्या असताना घरटी घागर सांडणं म्हणजे काय, ते बायकांना विचारावं. त्या चावडीवर येऊन कमिटीला शिव्या देऊन गेल्या.

म्हणून अध्यक्षांनी मला बोलावलं. सरकारी नोकरीतून पेन्शनीत निघालेले गृहस्थ. त्यांनी मला बसायला सांगितलं. ज्या खोलीच्या उंबऱ्याबाहेर माझा बाप पंधरा वर्षं उभा राहिला, त्या खोलीत मी बसलो.

"तुम्ही पदवीधर झालात म्हणे," ते म्हणाले. "मग गावाला काही उपयोग होऊ द्या. तासाचे नियम इंग्रजीत लिहून द्या. वर मंजुरीला पाठवायचे आहेत. तुमच्या मामलेदार कचेरीतल्या जागेसाठी शिफारस मी देतोच आहे."

त्यांनी 'तुम्ही' म्हटलं. शिपायाच्या पोराला. मला दुसरं काही ऐकूच आलं नाही.

आठ दिवस खपून मी नऊ कलमं लिहिली. इंग्रजी मसुदा, शेजारी मराठी तर्जुमा. इशारा शिपायानंच द्यावा, किंवा त्याला विचारून द्यावा. इशाऱ्यानंतर कमिटीनं जाग्यावर जाऊन पंचनामा करावा. सहावं कलम माझ्या खास डोक्यातलं : आग होती की नव्हती हे दोन पंचांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहून ठरवावं, ऐकीव किंवा तर्काची गोष्ट धरू नये. पुराव्याच्या कायद्याचं पुस्तक मी नुकतंच चाळलं होतं, आणि नवी टोपी माणूस घरातही डोक्यावर ठेवतो तसं माझं झालं होतं.

सातवं कलम एका सभासदानं सुचवलं. हा गवतबाजारातला व्यापारी. धान्य, गूळ, गोणपाट, जे मिळेल त्याचा. म्हणाला, "दंड लावून काय व्हतंय? माणूस भरतो आणि इसरतो. त्याच्या नावानं दवंडी फिरवा. पाच चौकांत. बाजाराच्या दिशी. आमका खोटा ठरला म्हणून. मग बघा कोन हात लावतोय मोगरीला."

मला ते फार पटलं. माणसाला लाज असते, ह्या गृहीतावर उभं राहिलेलं कलम मला उदात्त वाटलं. लाज कुणाला असते आणि कुणाला नसते, हे पुस्तकात नव्हतं.

घरी येऊन मी सगळी कलमं बापाला वाचून दाखवली. तो भाकरी मोडत ऐकत होता. सातवं झाल्यावर म्हणाला, "आन् इशारा देनारा मीच आसंल तर? माजी दवंडी कोन पिटनार?"

"बा, तू कशाला खोटा इशारा देशील?"

"त्ये बी खरंच," तो म्हणाला आणि हसला. मीही हसलो.

मंजुरी आली. नियम चावडीच्या दारावर चिकटवले गेले. मी काम नसताना तिथून जायचो आणि माझीच वाक्यं परत वाचायचो.

चैत्रातली दुपार. बापानं दोनचे ठोके देऊन नुकतीच मोगरी खुंटीला लावली होती. पायरीवर बसल्याबसल्या त्याला गवतबाजाराच्या बाजूनं धूर दिसला. काळा. गवताचा धूर पांढुरका असतो, शेणीचा निळसर, हे डोंगरातल्या माणसाला शिकवावं लागत नाही. काळा धूर तेलाचा. तो उठला आणि त्यानं तास असा बडवला की थाळी दोराला पीळ घालून फिरली.

गाव पळालं. मीही पळालो. धूर त्या व्यापारी सभासदाच्या वखारीच्या कौलांतून येत होता. दार आतून लावलेलं. लोक दारावर थापा मारत होते, बायका घागरी कमरेवर घेऊन ओरडत होत्या, आतून फावड्यानं माती ओढल्याचा आणि ओलं गोणपाट आपटल्याचा आवाज येत होता. हळूहळू धूर विरळ झाला. मग दार उघडलं.

व्यापारी उंबऱ्यात उभा. धोतराचा काठ काळा, आणि मिशीची डावी बाजू आखडून उजवीच्या निम्मी झालेली.

"काय ओ?" तो म्हणाला. "कशाला आलाय समदी?"

"आग!" कुणीतरी म्हणालं.

"कुठाय आग? उंदीर लई झालंत, मिरच्यांची धुरी दिली व्हती. आपल्या घरात धुरी द्यायला बी तुमाला इचारायचं का राव?"

मिरच्यांची धुरी. भर दुपारी, बंद वखारीत. तसं असतं तर अर्ध्या गावाच्या डोळ्यांना धारा लागल्या असत्या. दीडदोनशे माणूस त्या दारात उभं होतं. एकही खोकलं नाही. एकालाही शिंक आली नाही.

अध्यक्ष छत्री घेऊन आले. दोन पंच नेमले. एक त्यांचाच सोबती, कमिटीतलाच आणखी एक सभासद. आणि दुसरे पंच म्हणून वखारीच्या भिंतीला भिंत असलेले कागदी आळीतले चाचा. म्हातारे मुसलमान कारागीर, चिंध्या-तागाचा लगदा करून हातानं कागद काढायचे. गावातल्या निम्म्या वह्यांना त्यांचा कागद. त्यांच्या ओट्याबाहेरच्या गिलाव्याच्या भिंतीवर ओले ताव चिकटवून वाळत घातलेले असायचे. मी दौत-टाक घेऊन पंचांबरोबर आत गेलो.

आत पाऊल टाकलं आणि घासलेटाच्या वासानं माझं डोकं गरगरलं. वस्तीत घासलेटाचे डबे साठवायला कमिटीचीच मनाई होती, आणि त्या मनाईवर ह्या सभासदाचीही सही होती. एका कोपऱ्यात ओल्या गोणपाटाचा ढीग. ढिगाखालून डब्यांचे कोपरे दिसत होते. जमीन ओल्या मातीनं झाकलेली, आणि ती माती पायाला गरम लागत होती. मी अनवाणी होतो. पायाला लागलेली ती ऊब मला आत्ता, लिहितानाही, तळव्यांना जाणवते.

"आग दिसते का?" अध्यक्षांनी विचारलं.

"नाही," सभासद पंच म्हणाले.

"चाचा, तुम्ही बोला."

"आग नाय दिसत, साहेब," चाचा म्हणाले, "पण वास..."

"सहावं कलम वाचा हो," अध्यक्ष मला म्हणाले.

मी वाचलं. माझंच कलम, माझ्याच आवाजात. स्वतःच्या डोळ्यांनी. ऐकीव किंवा तर्काची गोष्ट धरू नये.

"नाकाचा उल्लेख नाही," अध्यक्ष म्हणाले.

चाचांनी माझ्याकडं बघितलं. माझ्या डोळ्यांपुढं मामलेदार कचेरीची जागा होती, शेजारी जळक्या मिशीचा सभासद होता, आणि हे सांगायला हवं, आपल्या कलमाचा पहिलाच वापर किती चोख होतोय ह्याचं एक बारीकसं बरंही वाटत होतं. मी मान खाली घातली आणि लिहिलं : आग आढळली नाही. चाचांचा कागद तो व्यापारीच घाऊक उचलायचा. त्यांनी सही केली.

बाहेर बाप मोगरी हातात घेऊनच उभा होता. पंचनामा वाचून दाखवला तसा तो ती जागेवर लावायला चावडीकडं वळला.

घरी आल्यावर त्यानं पाय धुतले, पुसले, आणि मग विचारलं, "तुला वास आला नाय का रं?"

"आला."

"मंग?"

"कलमात डोळे आहेत, बा. वास नाही."

त्यानं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. एखाद्या परक्या गावातल्या माणसाला वाट विचारावी आणि त्यानं भलत्याच भाषेत उत्तर द्यावं, तसं. मग म्हणाला, "बाजार परवा हाय. दवंडीचं शबूद काय ते मला दोनदा म्हनून दाखीव. चुकाय नको."

मी म्हणून दाखवले. दोनदा.

बाजाराच्या दिवशी माझ्या बापानं गळ्यात डफ अडकवला आणि पहिल्या चौकात उभा राहिला. निमगाव सावा, आळे, कुठकुठले लोक बैल आणि भाजी घेऊन आलेले. डफावर थाप पडली.

"ऐका हो ऐकाऽ! चावडीच्या शिपायानं आग नसताना इशारा दिला होऽ! घरटी घागर वाया घातली होऽ! शिपाई खोटा ठरला होऽ!"

"कोन शिपाई?" परगावच्या एका गाडीवानानं विचारलं.

"म्या," बाप म्हणाला.

बाजार हसला. असा हसला की बैल दचकले. गाडीवान म्हणाला, "आरं मंग सोत्ताचीच पिटतोय व्हय? झ्याक हाय तुमचं गाव!" बापानं डफ सावरला आणि पुढच्या चौकात गेला. पाचही चौकांत गेला. कुठं आवाज उतरवला नाही, कुठं शब्द गाळला नाही. जनावराचा कोंडवाडा, टोचणीचा डॉक्टर येणार असल्याची खबर, जशी दिली तशीच हीही दिली. मी चावडीच्या दारात, माझ्या नियमांच्या कागदाला पाठ लावून उभा होतो.

त्यानंतर सुरू झालं ते ह्याहून घाण. बारा वाजले की कुणीतरी ओट्यावरून विचारायचं, "हे बारा खरं, का शिपाईबाचं?" परगावचा कुणी वेळ विचारू लागला तर दुसरा सांगायचा, "पावणं, इचारू नका. आमच्यात खोटी येळ सांगितली तर दवंडी निघती." लोक दोनदा हसायचे, एकदा त्याच्या तोंडावर, एकदा तो वळल्यावर. ह्यातल्या प्रत्येकानं तो काळा धूर बघितला होता. प्रत्येकाच्या नाकात घासलेट गेलं होतं. पण पंचनाम्यात नाही म्हटल्यावर ते त्यांच्या नाकातूनही गेलं. माणसाचं नाक इतकं आज्ञाधारक असतं हे मला कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं.

आणि बाप बदलला. तास देण्याआधी घड्याळाकडं दोनदा, तीनदा बघू लागला. एक दिवस मी कमिटीच्या खोलीत बसलो होतो तर मोगरी हातात घेऊन दारातून म्हणाला, "बग रं जरा. चारच हायेत ना?" ज्याच्या तासाला घड्याळाचे काटे जुळवले गेले, तो माणूस. मी "चारच आहेत" म्हणालो आणि त्यानं चार दिले, पण तिसऱ्या ठोक्यानंतर क्षणभर थांबून. मोजायला.

वैशाखात मला अर्जासाठी कागद हवा होता. चाचांकडं गेलो. त्यांनी चांगला गठ्ठा बाजूला सारून कोपऱ्यातले काही ताव काढले. सबंध तावावर बारीक काळे ठिपके, खसखस उधळल्यासारखे.

"हे घेऊन जा, बेटा. डागी माल आहे, कुणी घेत नाही," ते म्हणाले.

"ठिपके कशाचे?"

"त्या दिवशी भिंतीवर ओले होते. वरून काजळी पडली. ओल्या कागदावर पडलेलं निघत नाही. कागद वाळला की ते त्याच्याच अंगाचं होतं." मग चांगला गठ्ठा जागेवर सारत, दुसरीकडं बघत : "मिरचीची काजळी नसते."

ते सगळे ताव मी घरी आणले. त्यातल्या एकावर अर्ज लिहिला. मामलेदार कचेरीसाठी नाही, कमिटीसाठी. चैत्रातला इशारा खरा होता, पुरावा सोबत, म्हणजे ह्याच कागदावर, तरी शिपायाविरुद्ध फिरवलेली दवंडी मागं घ्यावी.

अध्यक्षांनी ताव उजेडात धरला.

"अर्ज ठीक आहे. कागद बरा नाही वापरलात."

"तोच पुरावा आहे, साहेब."

त्यांनी तो गादीवर ठेवला. "असं बघा, एकदा फिरलेली दवंडी मागं घेता येत नाही. नियमांत तशी तरतूद नाही. नऊ कलमं आहेत, दहावं नाही. आणि लिहिलीत कुणी?"

व्यापारी सभासद तिथंच तक्क्याला टेकून बसला होता. मिशी पुन्हा सारखी झाली होती. तो मनमोकळं हसला. माणूस दिलदार, ह्यात शंका नाही.

"आवो बीए, आता घरचीच मान्सं हायेत म्हनून सांगतो. घासलेट व्हतं. जरासं पेटलं, इजवलं. कुनाचं काय गेलं का त्यात?"

"माझ्या बापाचं नाव गेलं."

"शिपाईबाचं?" तो खरोखरच बुचकळ्यात पडला. अध्यक्षांकडं वळून म्हणाला, "त्याचं नाव काय ओ?"

अध्यक्षांनाही आठवेना. ते हजेरीपुस्तक बघू लागले.

व्यापाऱ्यानं शेजारच्या द्रोणातून एक पेढा काढून माझ्या तळहातावर ठेवला. "घ्या. तुमच्या शिफारशीचं बोलून ठिवलंय आमी. तोंड गोड करा." आणि मी तो खाल्ला. हे मी कुणालाच कधी सांगितलेलं नाही. समोर ठेवलेलं नाकारू नये ही लहानपणची सवय म्हणा, काही म्हणा. खाल्ला, आणि बाहेर येऊन वडाच्या बुंध्याशी ओकलो. पेढ्याला घासलेटाचा वास होता की त्याच्या बोटांना, की माझ्याच नाकात तो कायमचा बसलाय, देव जाणे.

दवंडी मागं घेता येत नाही, हे अध्यक्षांचं उत्तर तेवढं मी घरी बापाला सांगितलं. त्याच आठवड्यात बाजाराचा दिवस. दुपार. बाप गावाच्या खालच्या टोकाला दवंडी द्यायला गेला होता. चावडीत कुणी नव्हतं. मी खुंटीवरची मोगरी काढली आणि तास बडवला. एकमेकांच्या अंगावर पडणारे ठोके. पहिल्यांदाच बडवत होतो. मनगटापासून दंडापर्यंत मुंग्या आल्या. बाप हे किती सहज करायचा.

गाव आलं. ह्यात गावाला नाव ठेवता येत नाही, घागरी घेऊन आलंच. बाजारातले आले, गवतबाजारातले आले, अध्यक्ष आले, पंच आले. सगळ्यांची तोंडं वर, धूर शोधत.

"कुठाय? कंच्या आळीत?"

"आग नाही," मी पायरीवरून म्हणालो.

"आँ?"

"आज आग नाही. चैत्रात होती. त्या वखारीत, घासलेटाची. मी आत होतो. माती पायाला गरम लागत होती. पंचनाम्यात 'आग आढळली नाही' हे मी लिहिलं, आणि ते खोटं लिहिलं. शिपाई खरा होता." मी ठिपक्यांचा ताव दोन्ही हातांनी उंच धरला. "ही त्या आगीची काजळी."

सगळ्या माना तावाकडं वळल्या. मला वाटलं, पोचलं. मग एकजण म्हणाला, "येडं झालं का काय ह्ये शिकून?"

"भर उनाचं पळवलं ना राव!"

"कागुद कशाचा दावतोय? माश्या हागल्यात त्याच्यावर!"

एका बाईच्या पायाशी घागरीची खापरं पडली होती. ती कमरेवर हात ठेवून पुढं आली. "चैतात पळताना एक फुटली व्हती माजी. आज दुसरी. आग आसंल नायतर नसंल, बापलेकांनी मिळून माज्या दोन घागरी फोडल्या. त्याचं बोल आदी!"

लोक हसले आणि घागरींवरच बोलणं सुरू झालं. कुणाची कशी फुटली, कुंभार आता कसल्या कच्च्या देतो. खरं ऐकायला माणसं गोळा करता येतात, ऐकवता येत नाही. गर्दीच्या कडेनं चाचा तेवढे पुढं आले. अध्यक्षांसमोर उभे राहून म्हणाले, "वास होता. मी सही केली. अल्ला माफ करो." एवढंच बोलून ते वळले आणि भिंतीवरचे ताव सुटतील म्हणून लगबगीनं गेले. त्यानंतर व्यापाऱ्यानं त्यांचा कागद उचलणं बंद केलं, हे मला पुढं कळलं.

तेवढ्यात बाप धावत आला. गळ्यात डफ, तोंडाला कोरड, डोळे आभाळात. "कुठं हाय रं?"

"नाय, बा. कुठंच नाय."

त्यानं माझ्या हातातली मोगरी बघितली, मग ताव, मग लोक. त्याला समजायला वेळ लागला नाही.

"कलम सात!" व्यापारी मागून ओरडला. पंच नेमले गेले. गावभर नजर फिरवून त्यांनी आग दिसत नसल्याचं सांगितलं. लिहायला दुसरा कुणी नव्हता म्हणून पंचनामा मीच लिहिला. आग आढळली नाही. त्या वहीतला अक्षर न् अक्षर खरं असलेला तो पहिला पंचनामा असावा.

"दवंडी आत्ताच फिरवा," अध्यक्ष बापाला म्हणाले. "बाजार भरलेलाच आहे." मला म्हणाले, "तुमच्या शिफारशीचं आता विसरा." 'तुम्ही' मात्र त्यांनी शेवटपर्यंत सोडलं नाही.

बाप पहिल्या चौकात उभा राहिला. थाप पडली.

"ऐका हो ऐकाऽ! चावडीच्या शिपायाच्या बीए झालेल्या पोरानं आग नसताना इशारा दिला होऽ! घरटी घागर वाया घातली होऽ! पोरगं खोटं ठरलं होऽ!" इथं शब्द संपत होते. पण हात थांबला नाही. आणखी एक थाप पडली. "आज आग नव्हती होऽ! चैतात व्हती होऽ!"

अध्यक्ष छत्री सावरत पुढं आले. "अरे! एवढं सांगायला कुणी सांगितलं होतं?"

"फिरली आता, सायब," बाप म्हणाला. "फिरलेली मागं घेता येत न्हाई म्हनं."

आणि तो दुसऱ्या चौकात गेला. मग तिसऱ्या. मी त्याच्या मागं चालत होतो, माझ्याच बदनामीमागं, आणि लोक दोघांना हसत होते. पाचव्या चौकात तो व्यापारी स्वतःच्या वखारीच्या उंबऱ्यात पान लावत बसला होता. तिथं बापानं शेवटची ओळ दोनदा म्हटली. व्यापाऱ्यानं पान तोंडात टाकलं. त्याच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. त्याच पावसाळ्यानंतर रस्त्यावरच्या कंदिलांना घासलेट पुरवण्याचं काम कमिटीनं त्यालाच दिलं, आणि माझी नऊच्या नऊ कलमं चावडीच्या दारावर उन्हानं पिवळी होईपर्यंत होती. मला कचेरीतली जागा मिळाली नाही. पुढं एका शाळेत मास्तर झालो.

आम्ही चावडीवर परत आलो तेव्हा ऊन कललं होतं. बापानं डफ काढून भिंतीला टेकवला. माझ्या हातातली मोगरी घेतली, तिच्यावरचा माझा घाम धोतराच्या सोग्यानं पुसला. खोलीचं दार उघडं होतं, घड्याळ दिसत होतं. तो तिकडं वळला नाही. पायरीवरची स्वतःची सावली बघितली आणि चार दिले.

मी आत जाऊन घड्याळ बघितलं. चाराला दोन मिनिटं कमी होती. मी काटा पुढं सारला.